वासाचं पाणी

आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काल पोस्टानं आली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानांवर ज्यांनी शाळेला कधी खडूचा डबाही दिला नाही त्यांचे हसरे फोटो, आणि मागे कुठंतरी कोपऱ्यात तुरकर मॅडमबद्दल चार ओळी. 'शांत, संयमी आणि मनमिळाऊ स्वभावाच्या विज्ञान शिक्षिका.' मी ती स्मरणिका उचलून भिंतीवर फेकली. नवरा म्हणाला, वय झालं तुझं, रक्तदाब वाढेल. वाढू दे म्हटलं.

शांत म्हणे. त्या बाईच्या आवाजानं शाळेच्या कौलावरचे पारवे उडायचे. हे ज्यानं लिहिलं त्यानं एक तर मॅडमना पाहिलंच नसेल, नाही तर चांगलं पाहिलं असेल आणि म्हणूनच असं लिहिलं असेल. एखाद्या माणसासमोर मान खाली घालावी लागली, की गाव पुढं त्याला शांत आणि मनमिळाऊ ठरवून मोकळं होतं. मॅडम आता रिटायर होऊन गोंदियाजवळ मुर्रीला राहतात. त्यांना ही स्मरणिका पोचली असेल तर त्यांनी ती आतापर्यंत चुलीत घातली असेल, याची मला खात्री आहे.

केशोरीहून पुढं जंगलाच्या कडेला, तळ्याकाठी आमचं ते गाव. नाव सांगत नाही. तिथं माझं अजून जाणं-येणं आहे. मी मराठी शिकवायची, मॅडम विज्ञान. दोघी अंजनाबाईंच्या घरी भाड्यानं राहायचो. एक खोली मॅडमची, एक माझी, मधे मातीची भिंत आणि पुढं सामाईक सपरी, म्हणजे ओसरी. मॅडमच्या खोलीतून कायम दवाखान्यासारखा वास यायचा आणि त्यांच्या एकूण एक साडीच्या पदरावर पांढरे ठिपके असायचे. नवी साडी आणली की आठ दिवसांत पहिला ठिपका पडायचा. मी एकदा म्हटलं, मॅडम, अहो ही तरी जपा, भावानं दिलेली आहे. तर म्हणाल्या, "क्लोरीनले भाऊ-बहीण समजत नाही. रंग दिसला की खाल्ला."

क्लोरीन हा त्यांचा जिवाचा विषय. दहावीला मूलद्रव्यांच्या तक्त्यात सतरावा गण आला की मॅडमच्या वर्गाबाहेर मीसुद्धा उभी राहायची. फळ्यावर सात टिंबं काढायच्या. "हे पाहा, शेवटच्या घरात सात जण आहेत. आठ झाले की पंगत पूर्ण. म्हणजे एक पाट रिकामा. त्या एका पाटासाठी हे चार भाऊ दुनियेशी भांडून राहिले." मग भावांची ओळख. फ्लोरिन सगळ्यात आततायी, तो काचेलाही सोडत नाही. क्लोरीन त्याच्या खालचा, पण कामाचा. ब्रोमीन आणखी मवाळ. आयोडीन म्हणजे घरात बसून राहणारा धाकटा, जखमेवर लावा, मिठात घाला, बिचारा काही बोलत नाही.

हे नुसतं सांगून त्या थांबत नसत. भाताची पेज आणायच्या, त्यात आयोडीनचा क्षार टाकायच्या. पेज पांढरीच. मग लिंबू पिळायच्या आणि ब्लिचिंग पावडरचं पाणी चमचाभर ओतायच्या. पेज निळी-काळी व्हायची आणि वर्ग आ वासून बघायचा. "आयोडीन क्षारात आपल्या जागी गपचूप बसला होता. क्लोरीन आला, जागा बळकावली, धाकट्याले बाहेर हाकललं. बाहेर पडला म्हणून तो पेजेले भेटला. बलवान आला की कमजोरानं उठायचं. तळ्याचा ठेका कोणाले मिळते ते पाहता ना दरवर्षी? मंग हे समजायले पुस्तक कायले पाहिजे?" तळ्याचा ठेका सरपंचाच्या मेव्हण्याकडे होता. पोरं हसायची, आणि संध्याकाळपर्यंत ते वाक्य सरपंचाच्या सपरीत पोचायचं.

पण हीच पेज घेऊन ही बाई एक दिवस ग्रामपंचायतीत गेली. विहिरीत टाकायच्या पावडरचं पोतं तिथं युरियाच्या पोत्यांना टेकून उघडं पडलेलं असायचं. मॅडमनी त्यातली मूठभर पावडर पाण्यात कालवून पेजेत ओतली. पेज पांढरीच राहिली. "वास नाही, जोर नाही. क्लोरीन कवाच उडून गेला, हा चुना आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही विहिरीत चुना टाकून राहिले आणि कागदावर गाव शुद्ध करून राहिले." ग्रामसेवक म्हणाला, मॅडम, तुम्ही शाळा पाहा. मॅडमनी ती पेजेची वाटी त्याच्या टेबलावर तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी नवं, बंद पोतं येईपर्यंत उठल्या नाहीत असं गावात सांगतात. खरं म्हणजे त्या संध्याकाळी घरी आल्या होत्या. सकाळी पुन्हा जाऊन बसल्या. नवं पोतं आलं हे मात्र खरं.

विहिरीत पावडर टाकायचं काम पंचायतीच्या मंगरूचं. तो मूठभर पावडर विहिरीच्या काठावर भुरभुरवायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला पांढरं दिसावं. मॅडमनी त्याला बादलीत कालवायला शिकवलं, गाळ खाली बसू द्यायला शिकवलं, वरची निवळी विहिरीत सोडायला शिकवलं, आणि मग अर्धा तास कोणालाही पाणी काढू द्यायचं नाही हे सांगितलं. मंगरू म्हणाला, "अर्धा तास कायले मॅडम? बाया पाण्याचे गुंड घेऊन उभ्या राहतात. मले शिव्या देतात." मॅडम म्हणाल्या, "क्लोरीन आधी घाणीशी भांडते. भांडून जो उरला तो आपलं राखण करते. भांडण संपू दे, मंग पाणी काढ." मंगरूला हे पटलं. त्याला घरातल्या भांडणांचा अनुभव होता.

त्यांची सगळ्यात वाईट खोड सांगते. कोणाच्याही घरी गेल्या आणि पाण्याचा गिलास पुढं आला, की आधी हुंगायच्या. वास आला तर प्यायच्या. नाही आला तर गिलास खाली ठेवायच्या आणि पिशवीतली आपली बाटली काढायच्या. आपल्याकडे आल्या माणसाला पाणी देतात आणि आल्या माणसानं ते प्यायचं असतं. वैरी असला तरी पितो. लोकांना हे फार लागायचं. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. मला सांगायचे, तुमच्या मैत्रिणीले समजवा जरा. मी काय समजावणार? मला तर त्यांनी माझ्याच खोलीत माझाच माठ धुवायला लावला होता.

आणि शिपाई टिकारामचा किस्सा. शाळेची तपासणी होती आणि हेडमास्तरांनी सांगितलं, संडास आरशासारखे झाले पाहिजेत. टिकारामनं संडास धुवायचं ॲसिड ओतलं, डाग निघाले नाहीत म्हणून वरून ब्लिचिंग पावडर टाकली आणि दार लावून घासायला बसला. पिवळट-हिरवा धूर निघाला. मॅडम वर्गात होत्या. वास आला तशा खडू टाकून धावल्या, दार लाथेनं उघडलं. टिकाराम खोकत खाली उकिडवा बसला होता. खोकला आला की माणूस खाली बसतोच. मॅडमनी त्याला केसांना धरून उभं केलं आणि ओढत पटांगणात नेलं. "भैताडा, खाली काऊन बसला? तो हवेपेक्षा जड आहे, खालीच साचते. मरायचं होतं काय तुले?" तपासणीचे साहेब जीपमधून उतरत होते. हेडमास्तरांनी आधी टिकारामकडे नाही पाहिलं, मॅडमला म्हणाले, पाहुण्यांसमोर ही काय भाषा. मॅडमचा आवाज त्या दिवसापासून जो बसला तो कायमचा घोगरा झाला. त्या घोगऱ्या आवाजात त्यांनी हेडमास्तरांना काय उत्तर दिलं ते मी इथं लिहीत नाही. मराठीची शिक्षिका आहे मी.

अंजनाबाईंशी मात्र त्यांचं भांडण वेगळ्या जातीचं होतं. रोज सकाळी चहाच्या वेळी सुरू व्हायचं. अंजनाबाई साठीच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा रमेश धान करायचा. बाईंना तळ्याकाठच्या विहिरीचं वेड. म्हणायच्या, त्या पाण्यात डाळ फुलावाणी शिजते. "आन् तुम्ही तिच्यात दवाई टाकून सत्यानाश करून राहिल्या, मॅडम. चहा पिऊन राहिली का फिनाईल, मले समजत नाही."

"मंग नका पिऊ चहा."

"माझ्या घरात मी चहा नको पिऊ? भाडं तुम्ही देता का मी?"

"वास येते म्हणजे पाणी जागं आहे, अंजनाबाई. वास नाही आला तर मले सांगा."

"नाक कापून ठेवते ना मंग मी, तुमच्यासाठी."

असं म्हणत अंजनाबाई दुसरा कप ओतून द्यायच्या. मॅडम तापानं पडल्या होत्या तेव्हा याच बाईनं त्यांच्या उशाशी बसून रात्री काढल्या, पायाला तेल चोळलं, पेज भरवली. आणि ती पेज वासाच्या पाण्याची होती, हे मॅडमना हुंगून दाखवलं होतं. मॅडमची आई लहानपणीच गेलेली. त्या हे कधी बोलल्या नाहीत, मीच बोलते आहे. अंजनाबाईंना त्या जेवढं ओरडायच्या तेवढं जगात कोणाला ओरडल्या नाहीत.

आता जे सांगायचं आहे ते सांगते, कारण ते स्मरणिकेत नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. बाजार, आकाशपाळणा, रात्रभर नाटक, आणि घराघरात पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, साळे-मेव्हणे येतात. ज्याच्या घरी मंडईला पाहुणा नाही त्याच्या घराला घर म्हणत नाहीत. त्या वर्षी मंडईच्या तोंडावर सरपंचांनी मंगरूला सांगितलं की मंडई होईपर्यंत विहिरीत पावडर टाकू नको. मागच्या साली पाहुण्यांनी नाकं मुरडली होती. त्यांच्या स्वतःच्या व्याह्यांनी म्हटलं होतं की तुमच्या गावचा चहा दवाखान्यातला लागते. गावाची इज्जत गेली होती म्हणे.

मंगरूनं हे मॅडमना येऊन सांगितलं आणि मॅडम तशाच पंचायतीत गेल्या. मी सोबत होते.

"मॅडमजी, दोन-तीन दिवसाची तर गोष्ट आहे," सरपंच म्हणाले. "मेहमान येतात. बुरा दिसते."

"पाहुणे येतात म्हणूनच जास्त टाकायची," मॅडम म्हणाल्या. "दुप्पट माणसं, दुप्पट घाण, दुप्पट गुंड त्या विहिरीत बुडणार. तळ्याच्या काठानं सगळं गाव आन् पाहुणे परसाकडे जाणार. त्या पाण्यात क्लोरीन उरला नाही तर राखण कोण करंल? तुम्ही?"

"बापदादे पीत आले. कोण मेलं?"

"जे मेले ते सांगायले येत नाहीत."

बसलेले सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, मॅडमचं लग्न त्या पावडरसंगच लावून द्या. सरपंचही हसले. मला आजही ते हसणं ऐकू येतं आणि आजही त्यांच्या तोंडावर ती पावडर फेकावीशी वाटते. मॅडम म्हणाल्या, "जंतू मंडईची सुट्टी घेत नाहीत, सरपंच." आणि निघाल्या. त्यांनी मंगरूला गाठलं, तर तो हात जोडून म्हणाला, मॅडम, माझी नोकरी जाईल. पावडरच्या खोलीची किल्ली सरपंचांनी आपल्याकडे घेतली होती. मॅडमनी शाळेतली उरलीसुरली पावडर नेली, तर विहिरीवर सरपंचाची माणसं बसवलेली. पावडरवाली बाई विहिरीजवळ दिसली तर हाकला, असा हुकूम होता.

मग त्या घरोघर फिरल्या. पाणी उकळा, म्हणून सांगत. मंडईच्या घाईत कोण ऐकतं? एकीनं तर तोंडावर दार लावलं. अंजनाबाईंना मात्र त्यांनी शपथ घातली. हंड्यात टाकायची क्लोरीनची बाटली त्यांच्या हातात दिली. अंजनाबाईंनी बाटली चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली आणि म्हणाल्या, "जावई येऊन राहिले माझे. लग्नानंतरची पहिली मंडई. त्यांना एक कप चहा बिनवासाचा पाजू द्या ना वो मॅडम. मंग जन्मभर तुमचं फिनाईल पिते."

मॅडमनी ओरडायचं तेवढं ओरडून घेतलं. तेवढ्यात लेक-जावई दारात आले म्हणून शेवटी आवाज खाली ठेवला, एवढंच. आयुष्यात एकदाच खाली ठेवला असेल.

मंडई झोकात झाली. पाहुण्यांनी चहाचं कौतुक केलं, आणि त्याच हंड्यांतलं न उकळलेलं पाणी घराघरात गिलासानं प्यायलं गेलं. पाहुणे गेले, आणि दुसऱ्या सकाळी अंजनाबाई हागवण-ओकारीनं आडव्या झाल्या. गल्लीत आणखी घराघरात तेच. लोक म्हणाले, बोकड बाधला. मॅडम मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत होत्या आणि अंजनाबाईंच्या तोंडातून ते तसंच परत येत होतं. जीप मिळाली तोवर ऊन चढलं. मॅडम मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मोठा दवाखाना यायच्या आधीच, रस्त्यात, त्या मांडीवरच बाई गेल्या. बाकीची माणसं वाचली. आरोग्यखात्याची गाडी आली, तपासणी झाली, पाणी खराब निघालं. सरपंच म्हणाले, हवा बदलली ना, या दिवसांत होतेच.

एक कप चहा. एवढ्यासाठी एक बाई गेली, आणि कोणाचंच काही वाकडं झालं नाही. हे मला कधीच गिळता आलं नाही आणि येऊही नये.

पुढच्या सत्रात मॅडमची बदली झाली. कोणी करवली ते सगळ्यांना माहीत आहे. पण माझ्या डोळ्यांपुढं राहिलेल्या मॅडम आहेत त्या अंजनाबाईंच्या तेरवीतल्या.

अंगणात मांडव होता. पहिली पंगत बसली होती, सरपंच मधे. पत्रावळींवर भात, वरण, भाजी, बुंदी वाढून झाली. पाणी तेवढं यायचं होतं. पाणी आल्याशिवाय ताटाभोवती फिरवता येत नाही आणि ते फिरवल्याशिवाय आमच्याकडे घास उचलत नाहीत. रमेश कोपऱ्यातल्या ड्रममधून जग भरत होता. मॅडम तिथं गेल्या आणि त्यांनी ड्रममध्ये वाकून हुंगलं.

"रमेशभाऊ, हे पाणी कुठलं?"

"विहिरीचंच आहे, मॅडम." त्याचे डोळे रडून सुजलेले होते. "मंगरूले म्हटलं, आजच्या दिवस नको टाकू. आईले तेच पाणी आवडे ना. बिनवासाचं. म्हटलं, तिच्या नावानं लोकांनी तेच प्यावं."

मी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं आता ही बाई पोराच्या मुस्काटात मारते. त्यांनी त्याच्या हातातला जग काढून घेतला, जमिनीवर ओतला आणि पिशवीतून बाटली काढून ड्रममध्ये औषध टाकलं. मग झाकण लावलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय झालं?" पंगतीतून कोणी विचारलं.

"अर्धा तास लागंल," मॅडम म्हणाल्या. "बसा."

माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. तेरवीच्या पंगतीवरून उठणं म्हणजे मेल्या माणसाचा अपमान, आणि पाण्यावाचून जेवणही सुरू होत नाही. भातावरची वाफ गेली. बुंदीवर माश्या बसायला लागल्या. कोणी खोकलं, कोणी घड्याळ पाहिलं. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण हात झाकणावर होते.

शेवटी सरपंच म्हणाले, "मॅडमजी, भात थंडा होऊन राहिला."

"अंजनाबाई पण थंड्या झाल्या," मॅडम म्हणाल्या.

सरपंचांनी मान खाली घातली आणि पत्रावळीच्या काडीशी खेळत बसले. सगळा मांडव त्या घोगऱ्या आवाजाखाली अर्धा तास गप बसून होता. हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. मनमिळाऊ म्हणे.

वेळ झाली तेव्हा मॅडमनी काचेच्या नळीत थोडं पाणी घेतलं, तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे भांडून क्लोरीन उरला होता. त्यांनी झाकण काढलं, जग भरला आणि रमेशच्या हातात दिला. त्यानं तो नाकाजवळ नेला आणि तिथंच उभ्या उभ्या हुंदका दिला.

"वास येऊन राहिला, मॅडम," तो म्हणाला. "आई रागावली असती."

"रागावायले राहिली असती तर बरं झालं असतं, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "वाढा."